दोन राज्यांचे कागद, एक व्हिसा: निपाणी तालुक्यातून जर्मनीच्या स्वयंसेवी वर्षाला निघालेला एक अर्ज

सीमाभागातल्या मुलांच्या अर्जांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एका अर्जाच्या रूपात इथं मांडल्या आहेत. त्यामुळे हे नमुना-प्रकरण आहे. गाव, एजंट, क्लास आणि जर्मनीतली संस्था यांची नावं दिलेली नाहीत. नियम, रकमा आणि मुदती मात्र २०२४-२५ मधल्या खऱ्या आहेत.

अर्जदार मुलगी २००३ सालची. घर निपाणी तालुक्यात, शेती उसाची आणि थोड्या तंबाखूची. आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म महाराष्ट्रातला. शाळा गावातलीच, मराठी माध्यमाची पण कर्नाटक बोर्डाची. २०१९ ला एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावी. पुढचं शिक्षण कोल्हापुरात, २०२४ ला शिवाजी विद्यापीठाची पदवी. आधार कार्ड कर्नाटकाचं, बँक खातं कोल्हापूरच्या शाखेत. निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात असं कुटुंब अपवाद नाही. इथली निम्मी घरं अशीच दोन्हीकडं पाय ठेवून असतात, आणि रोजच्या जगण्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. परदेशाचा अर्ज भरायला बसलं की मात्र प्रत्येक कागद विचारतो, तू नक्की कुठली?

तिला करायचं होतं जर्मनीतलं एक वर्षाचं स्वयंसेवी काम, लहान मुलांच्या बालवाडीत. ऑगस्ट २०२४ मध्ये तिनं ठरवलं आणि १ सप्टेंबर २०२५ ला रुजू व्हायचं गणित मांडलं. प्रत्यक्षात ती रुजू झाली १ नोव्हेंबरला. हे दोन महिने कुठं गेले आणि त्याआधीच्या वर्षभरात किती वेळ, पैसा, मनस्ताप फुकट गेला, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कार्यक्रम नेमका कोणता, इथंच पहिला घोळ

"जर्मनीत व्हॉलंटियर" या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. एक एफएसजे, म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष: साधारण १२ महिने, वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधी. दुसरी बीएफडी, म्हणजे संघीय स्वयंसेवी सेवा: सक्तीची लष्करभरती थांबली तेव्हा, जुलै २०११ पासून सुरू झालेली, तिला वयाची वरची मर्यादा नाही. तिसरी वेल्टवेर्ट्स. हा जर्मनीच्या आर्थिक सहकार्य मंत्रालयाच्या पैशावर चालणारा कार्यक्रम. २०१३ पासून त्यात भारतासारख्या देशांतली मुलंही जर्मनीत जाऊ शकतात. पण त्याचा अर्ज आपल्याकडच्या भागीदार संस्थेमार्फतच जातो आणि जागा मोजक्या असतात. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरचं नाव इंटरनेटवर सगळ्यात आधी दिसतं. त्याच्या नेहमीच्या स्वयंसेवी प्रकल्पांसाठी भारतातली मुलं पात्र नाहीत, हे न कळता कित्येक जण त्यात दोन-दोन महिने घालवतात.

या मुलीचा करार बीएफडीचा होता. एजंटानं मात्र घरच्यांना "चौसष्ट हजार पगार" सांगितला होता. तो आकडा आला कुठून? २०२५ साठी हातखर्चाची कायद्यानं ठरलेली कमाल मर्यादा महिन्याला ६४४ युरो होती. ही मर्यादा आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष रक्कम तिच्यापेक्षा बरीच कमी असते, आणि तिला पगार म्हणत नाहीत. त्यासोबत राहायची-जेवायची सोय किंवा तिच्या बदल्यात पैसे, सामाजिक विमा आणि वर्षात २५ दिवसांची शिबिरं मिळतात. विमानाचं तिकीट बहुधा स्वतःचं. वडिलांना हे सगळं जानेवारीत कळलं आणि घरात वाद झाला. "फुकट राबायला एवढ्या लांब कशाला?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तो पहिल्याच आठवड्यात विचारला गेला असता तर बरं झालं असतं.

तेवीस कागदांची यादी

एजंटाच्या यादीत तेवीस कागद होते. पहिला जन्मदाखला, आणि शेवटी सगळ्या शैक्षणिक कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा अपव्यय या यादीनं केला, कारण ती यादी या मुलीसाठी बनलेलीच नव्हती. विद्यार्थी व्हिसा, नर्सिंगची नोकरी, आखाती देशांची भरती यांच्या याद्या एकत्र शिवून ती तयार झालेली होती.

आधी जन्मदाखला. चंदगडच्या ग्रामपंचायतीत नोंद सापडली, पण त्यात बाळाचं नावच नव्हतं. आई-वडिलांची नावं आणि नुसतं "मुलगी". नोंदीत नाव नंतर घालता येतं: पहिल्या वर्षात फुकट, पुढं शुल्क भरून, १५ वर्षांच्या मुदतीपर्यंत. ही मुदत उलटलेली. मग प्रतिज्ञापत्र, तालुक्याला हेलपाटे, मामाची दोन दिवसांची रजा. एवढं करून जन्मदाखला लागणार होता कुठं? पासपोर्टच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे. त्याआधीच्यांना शाळेचा दाखला किंवा दहावीचं गुणपत्रक जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं. तिच्या व्हिसाच्या यादीतही जन्मदाखला नव्हता. सहा आठवडे पाण्यात गेले.

दुसरं अपोस्टिल, आणि इथं पैसा गेला. भारत २००५ मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला. जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागूच होत नाही. भारतीय कागदावरचा अपोस्टिलचा चौकोनी शिक्का जर्मन कार्यालयात काही सिद्ध करत नाही. तरीही तिच्या तीन कागदांवर तो मारून आणला गेला. परराष्ट्र खात्याचं मूळ शुल्क कागदामागं ५० रुपये. एजंटाचं बिल हजारांत. त्याचंही कारण आहे. शैक्षणिक कागदावर आधी ज्या त्या राज्याचं साक्षांकन लागतं. एसएसएलसीचं गुणपत्रक कर्नाटकाचं, पदवी महाराष्ट्राची. म्हणजे एक कागद बेंगळुरूला, दुसरा मुंबईला, आणि दोन्हीकडचा "सर्व्हिस चार्ज" वेगळा. फ्रान्स किंवा इटलीला जायचं असतं तर याचा उपयोग होता. जर्मनीसाठी नव्हता.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी जो रहिवासाचा दाखला लागतो, तोही फायलीत घातलेला होता. कोल्हापूरच्या प्रवेशाच्या वेळी त्याची किंमत होती. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या टेबलावर तो दाखवला तर "मग तुमचं राज्य कोणतं?" हा नको तो प्रश्न मात्र उभा राहतो. तो फायलीतून काढला हे बरं केलं.

आडनावाची तीन स्पेलिंगं

समजा आडनाव चौगुले. एसएसएलसीच्या गुणपत्रकात इंग्रजीत "चौ"साठी ओ-यू. आधार कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत उतरताना तिथं ए-यू झालं, आणि पदवीवर शेवटच्या "ले"चा "ळे" होऊन तिसरंच काही. मराठीत एकच आडनाव, आपण वाचताना अडखळतही नाही. परदेशी कारकुनाला मात्र ही तीन वेगळी माणसं वाटतात, आणि त्याचा दोष नाही.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकला तर महाग पडतो. दहावीचं गुणपत्रक पाया धरायचा, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तेव्हा केंद्रावर शुल्क ५० रुपये होतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून सायबर कॅफेवाल्याला "बघा काय होतंय" म्हणून सोडू नये. पावतीवरची अक्षरं एकेक बोट ठेवून तपासावीत. मग पासपोर्ट. पदवीतला फरक राहिला तर नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं भाषांतर जोडावं. गावाच्या नावाचाही असाच गोंधळ असतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. निपाणी आता स्वतंत्र तालुका, जुन्या कागदांवर मात्र "ता. चिकोडी". याबाबत कुणी विचारलं तर दोन ओळींचा खुलासा पुरतो, पण तो आधीच फायलीत असावा.

"ती हितं नसतीया"

पासपोर्टचा अर्ज नोव्हेंबरमध्ये भरला. ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क १,५०० रुपये, भेट बेळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात. कॅफेवाल्यानं जन्मस्थळ गृहीत धरून "निपाणी" टाकलं होतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र चंदगड तालुक्यातलं गाव. सुदैवानं तिनं मूळ टी.सी. सोबत नेला होता, म्हणून काउंटरवरच दुरुस्ती झाली. ती तशीच पुढं गेली असती तर छापून आलेला पासपोर्ट पुन्हा काढावा लागला असता.

खरी अडचण पोलीस तपासणीत आली. अर्जात सध्याचा पत्ता गावचा दिला होता, कारण "आधारवर तोच आहे". मुलगी त्या दिवसांत कोल्हापुरात खोली घेऊन राहत होती. क्लास आणि अर्धवेळ काम दोन्ही तिथंच. डिसेंबरमधल्या एका दुपारी पोलीस घरी आले. दारात फक्त आज्जी. त्यांनी कन्नडमधून विचारलं, आज्जीला "पासपोर्ट" तेवढा कळला. शेजारच्या पोरानं मराठीत सांगितलं. आज्जी जे खरं तेच बोलली: "ती हितं नसतीया साहेब, कोल्लापुरात असतीया. सणाला येती." पोलिसांनी ऐकलं तेच लिहिलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा अहवाल गेला आणि फाईल बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयात अडकली.

यात आज्जीचं काही चुकलं नाही, पोलिसांचंही नाही. चूक फॉर्म भरतानाची. त्यात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात, आणि ते वेगळे भरण्यात कमीपणा नाही. सध्याचा पत्ता कोल्हापूर देऊन नोंदणीकृत भाडेकरार आणि फोटो असलेलं चालू बँक पासबुक जोडता आलं असतं. अर्ज तिथूनच करता आला असता, कारण आता देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज चालतो, पोलीस तपासणी फक्त सध्याच्या पत्त्यावर होते. किंवा मग अर्जापासून तपासणी होईपर्यंत खरोखर गावी राहायचं. यांपैकी एक काहीतरी ठरवायला हवं होतं. तिनं दोन्हींच्या मधलं केलं.

तात्काळमध्ये केलं असतं तर? त्यासाठी जादा २,००० रुपये लागतात आणि पोलीस तपासणी बहुतेक वेळा पासपोर्ट हातात आल्यावर होते. पण तेव्हा अहवाल उलटा गेला तर नोटीस येते, आणि तोवर व्हिसाचा अर्ज आत गेलेला असतो. पत्त्याचा घोळ तात्काळनं सुटत नाही, पुढं ढकलला जातो.

फेरतपासणीच्या वेळी ती आठ दिवस गावात येऊन राहिली. पीडीओंकडून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडून, रहिवासाचं पत्र आणलं, दोन शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं. पासपोर्ट मार्चमध्ये आला.

जर्मन भाषा: वेळेचा हिशेब आणि लेखनाचा पेपर

संस्थेनं बी१ पातळी, म्हणजे जर्मन भाषेची तिसरी पायरी, मागितली होती. काही संस्था त्याखालच्या ए२ वर घेतात, पण मुलांशी आणि पालकांशी बोलायचं काम म्हटल्यावर बी१ मागणं योग्यच आहे. जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. रोज दोन तास, आठवड्यात पाच दिवस शिकलं तर ४५ मिनिटांचे असे आठवड्याला तेरा तास होतात. म्हणजे सहा महिने ते जवळपास वर्ष. "तीन महिन्यांत बी१" ही पाटी वाचून क्लासला पैसे भरण्याआधी हा भागाकार करावा.

मे महिन्यात ती परीक्षेला बसली. बी१ चे चार भाग: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येक १०० गुणांचा, पास व्हायला ६० लागतात. तीन भाग निघाले, लेखनात ५२. भाग सुटे असल्यामुळे फक्त लेखनाची परीक्षा पुन्हा देता येते, हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. ती चारही भागांचे पैसे पुन्हा भरायला निघाली होती.

लेखन का गेलं, हे जरा जवळून बघू. तासाभरात तीन उत्तरं लिहायची असतात: मित्राला पत्र, एखाद्या विषयावर मत, आणि शेवटी औपचारिक छोटा निरोप, समजा बाईंना न येण्याचं कारण. तिसऱ्यात तिनं "झी" ऐवजी "डू" वापरलं. आपण गुरुजींना "तू" म्हणणार नाही, पण इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे इंग्रजीतून विचार करणाऱ्याच्या हातून ही चूक सहज होते. दुसरी चूक क्रियापदाच्या जागेची. जर्मनमध्ये "वाइल", म्हणजे "कारण", या शब्दानंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. मराठीत ते शेवटीच असतं: "कारण मी आज आजारी आहे." मनातलं मराठी वाक्य तसंच धरून ठेवलं असतं तर क्रम बरोबर आला असता. तिनं आधी इंग्रजी वाक्य बनवलं, मग त्याचं जर्मन केलं, आणि क्रियापद मधेच अडकलं. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी कच्चं म्हणून जर्मनचा धसका असतो. जर्मन थेट मराठीतून शिकवणारं कुणी भेटलं तर हा धसका बराच कमी होतो, असं आमचं ठाम मत आहे.

फेरपरीक्षा जूनअखेर, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ६६ गुण. परीक्षेची जागा पुण्यात किंवा बेंगळुरूत मिळते आणि तारखा लवकर भरतात. निपाणीहून पुणं जवळ. परीक्षेसाठी ते चालतं, कारण परीक्षेला अधिकारक्षेत्राची अट नसते.

तीन सह्यांचा करार

एप्रिलमध्ये बालवाडीकडून करार आला. लेटरहेड, शिक्का, सही. घरात पेढे वाटले गेले. पण तो अर्धाच होता. बीएफडीचा करार स्वयंसेवक, कामाची जागा आणि जर्मन सरकारचं कोलोनमधलं संघीय कार्यालय यांच्यात होतो. त्या कार्यालयाची सही येईपर्यंत त्याला करार म्हणता येत नाही. एफएसजेमध्ये या कार्यालयाच्या जागी मान्यताप्राप्त संयोजक संस्था असते. पहिल्याच भेटीच्या मेलमध्ये "करारावर संघीय कार्यालयाची सही कधीपर्यंत येईल?" हे एक वाक्य विचारलं असतं तर पाच आठवड्यांची वाट निदान आधी कळली असती. पूर्ण करार जूनमध्ये आला. एजंटांचे खोटे करारही नेमके इथंच ओळखता येतात: त्यावर तिसरी सही नसते आणि "प्लेसमेंट फी" मात्र असते.

करारात राहणं, जेवण आणि हातखर्च स्पष्ट लिहिलेला होता. उदरनिर्वाहाची सोय त्यातूनच दाखवायची होती. तरीही क्लासमधल्या मुलांचं ऐकून वडील ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यासाठी, सोनं तारण ठेवायच्या विचारात होते. ती वर्षाची ११,९०४ युरोची रक्कम विद्यार्थी व्हिसासाठी असते. करारात राहण्या-जेवणाची सोय नसती तर पैशाचा वेगळा पुरावा लागला असता. इथं गरज नव्हती.

गोवराचं पान

जुलैमध्ये बालवाडीनं एक नवा कागद मागितला आणि घरात सगळेच हबकले: गोवराच्या दोन लसींचा पुरावा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा आहे. बालवाडी, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला दोन मात्रा किंवा रक्ततपासणीतून प्रतिकारशक्तीचा पुरावा दाखवावाच लागतो. त्याशिवाय कामावर पाऊल ठेवता येत नाही.

२००३ साली जन्मलेल्या मुलाला आपल्याकडं नियमित लसीकरणात नवव्या महिन्यात गोवराची एकच मात्रा मिळायची. दुसरी मात्रा २०१० नंतर आली. मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेला मोहीम झाली, नऊ महिने ते १५ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी. ही मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेत रांग लावून लस टोचली होती, बोटाला शाईची खूण केली होती, हे तिला आठवतं. म्हणजे तिच्या अंगात बहुधा दोन मात्रा होत्या. कार्ड मात्र एकाचंही नाही: पहिलं चंदगडला आजोळी, घर बांधताना हरवलेलं, दुसरं शाळेतून आल्यावर कधीच गेलेलं.

कार्ड नसेल तर दोन वाटा. रक्तातली गोवराची प्रतिपिंडं तपासून डॉक्टरांचं इंग्रजी प्रमाणपत्र घ्यायचं, किंवा एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीच्या, दोन मात्रा किमान २८ दिवसांच्या अंतरानं घ्यायच्या. तिनं दुसरी वाट धरली: १४ जुलै आणि ११ ऑगस्ट. नोंद पिवळ्या आंतरराष्ट्रीय लसीकरण पुस्तिकेत, तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक, सही, शिक्का यांसह करून घेतली. पहिल्या भेटीत बॅच क्रमांक राहिला होता, तो परत जाऊन भरून आणला. हे काम आदल्या ऑगस्टमध्येच उरकता आलं असतं. इतक्या कमी खर्चाच्या कागदानं इतका वेळ अडवलेला दुसरा कुठलाही कागद या फायलीत नाही.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतूनच, शुल्क ५०० रुपये. मुलांसोबतच्या कामाला ते लागणारच होतं. या वेळी सध्याचा पत्ता गावचाच होता आणि ती खरंच गावी होती. काही अडलं नाही.

बेंगळुरू की मुंबई

कर्नाटकाचे रहिवासी बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत, महाराष्ट्राचे मुंबईच्या. अर्ज कुठं करायचा हे सध्याच्या राहण्यावर ठरतं. जन्म कुठं, पदवी कुठली, यानं फरक पडत नाही. निपाणीहून मुंबई जवळची वाटते, म्हणून कोल्हापूरचा पत्ता दाखवून तिथं जायचा सल्ला मिळाला होता. पण खोली जूनमध्येच सोडलेली, पासपोर्टवर पत्ता गावचा. तिनं बेंगळुरू धरलं, ते बरोबर केलं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर या भागात प्रत्येकाचं मत आहे. पण व्हिसाच्या खिडकीवर आपला पत्ता हा भावनेचा विषय नसतो, तो पासपोर्टवर छापलेला असतो.

भेटीची तारीख ३ सप्टेंबर मिळाली, म्हणजे रुजू व्हायच्या तारखेनंतर दोन दिवसांनी. इथं ती खचली. नातेवाईकांचं "कधी निघणार?" वर्षभर चाललं होतं, आता कुणी विचारलं की ती आत निघून जायची. पण बीएफडी कुठल्याही महिन्यात सुरू होऊ शकते. संस्थेला लगेच मेल केला, करार १ नोव्हेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६ असा बदलून घेतला, नव्या तारखेवर सगळ्या सह्या पुन्हा आल्या. राहण्याच्या पत्रावरची तारीख, विम्याची तारीख, प्रेरणापत्रातलं (आपण का जातोय हे सांगणाऱ्या पत्रातलं) वाक्य, सगळीकडं नोव्हेंबर केलं. जुनी तारीख कुठं राहिली असती तर खिडकीवर पहिला प्रश्न तोच आला असता.

प्रेरणापत्रही तिनं पुन्हा लिहिलं. एजंटाच्या नमुन्यात "जर्मनीत उज्ज्वल भविष्य" होतं. स्वयंसेवी वर्षाच्या अर्जात हे वाक्य घातक आहे. तिनं गावातल्या अंगणवाडीत दोन उन्हाळे काय केलं, जर्मन बालवाडीत दिवस कसा जातो, परत येऊन काय करणार, एवढंच दीड पानात लिहिलं.

व्हिसा शुल्क ७५ युरो, रुपयांत. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस, सकाळी बेंगळुरू, आणि मूळ कागदांचे दोन संच. खिडकीवर जर्मनमधून साधे प्रश्न: कुठं जाणार, मुलं किती वर्षांची, आठवड्याला किती तास काम. ती ३९ म्हणाली, करारात तेच होतं.

नकार आला असता तर? १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं व्हिसा नाकारल्यावर लेखी फेरविचार मागण्याची सोय जगभर बंद केली आहे. त्यानंतर नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, एवढेच मार्ग उरतात. म्हणून अपुरी फाईल "बघू, मागितलं तर देऊ" म्हणून आत सरकवणं आता पूर्वीपेक्षा जास्त महाग पडतं.

व्हिसा ऑक्टोबरच्या मध्यात आला. तिकीट २८ तारखेचं. जर्मन आरोग्यविमा सेवेच्या पहिल्या दिवसापासून लागू होणार, म्हणून २८ ते ३१ ऑक्टोबरसाठी वेगळा प्रवासविमा काढला. तिथं पोहोचल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी घरमालकाचं पत्र संस्थेकडून आधीच मागवून ठेवलं. करार, बी१ चं प्रमाणपत्र आणि पिवळी पुस्तिका चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवली, पुस्तिका सगळ्यात वर: बालवाडीच्या प्रमुख बाईंनी लिहिलं होतं की पहिल्या सकाळी मुलांच्या खोलीत जाण्याआधी त्या गोवराचं पान बघतील.